ताणाचे चाळीस गुण

शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत तोंडी परीक्षा चालली होती आणि डॉ. हेमलता बोंगाळे यांना दाराबाहेर ताटकळणाऱ्या एकेका विद्यार्थ्याचा राग येत होता. एके काळी परीक्षक म्हणून त्याच याव्यात यासाठी मुलं देव पाण्यात घालून बसत. यंदा फिजिओथेरपीच्या मुलांनी लेखी अर्ज दिला होता: बोंगाळे मॅडम रागवत नाहीत, परीक्षक बदलून द्यावा.

शेजारी दुसरे परीक्षक डॉ. निरंजन वझलवार बसले होते. प्रत्येक मुलाच्या मनगटावर चढलेला ताणमापक पट्टा ही त्यांचीच करामत.

"घाबरलेल्या मुलाला येत असूनही सांगता येत नाही," ते म्हणाले. "पट्टा घाम आणि नाडी वाचतो, भीतीने खाल्लेले गुण परत देतो. उत्तरांना साठ, ताणाला चाळीस. यात वाईट काय?"

"करायला गेलात गणपती अन् झाला मारुती. सगळ्यांचेच गुण फुगले, मग पास व्हायची रेषा तुम्ही पन्नासाची सत्तर केलीत. आता सगळं बरोबर सांगणारं शांत पोर नापास होतं."

"नियम विद्यापीठाचा आहे."

नियमाने आपलं काम चोख केलं होतं. क्लासवाल्यांनी अपमानाच्या तासिका काढल्या होत्या. आईबाप पोटच्या पोरांना नेमाने घालूनपाडून बोलत होते, तेही त्यांच्या भल्यासाठी. मॅडमना या साऱ्यांची किळस येई.

शर्वाणी डहाके आत आली. तिसरा आणि शेवटचा प्रयत्न. आज नापास झाली की प्रवेश रद्द. तिने एकही उत्तर चुकवलं नाही. साठ गुण. पडद्यावर ताणाचा आकडा मात्र सहा.

"मॅडम, मला बोला काहीतरी," ती म्हणाली. "मागच्या खेपेलाही तुमच्यामुळेच गेले मी."

आता मात्र मॅडमचा तोल गेला. "तुझ्या हातात पेशंट द्यायचा? भीक मागून पास होणारीच्या? लाज वाटत नाही तुला?" त्या खरोखरच संतापल्या होत्या आणि त्या संतापाची त्यांना स्वतःलाच शरम वाटली.

आकडा पाचावर आला.

"आई रोज याहून वाईट बोलते, मॅडम. क्लासात तर विचारूच नका." शर्वाणीच्या आवाजात तक्रार नव्हती. "काही होत नाही आता."

"सवयीचा परिणाम," वझलवार पुटपुटले. "तेच ते रोज मिळालं की शरीर दाद देत नाही. अनपेक्षित काही हवं."

मॅडमनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. ओठ फुटलेले, गळ्याची हाडं वर आलेली. काही न ठरवता त्या म्हणाल्या, "जेवलीस का गं?"

आकडा अडतिसावर गेला. शर्वाणीने टेबलाची कड धरली. "असं का विचारताय, मॅडम? गेले का मी?"

अठ्ठ्याण्णव गुण. तिला बाहेर जायला सांगावं लागलं. वझलवारांनी वहीत टिपून घेतलं आणि खुशीत म्हणाले, "तुम्हाला जमलं की!"

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. बाहेर शर्वाणीला घोळक्याने गाठलं होतं. "काय विचारलं? काय विचारलं?" तोंडी परीक्षेतून बाहेर पडलेल्याला हा प्रश्न चुकत नाही, आणि उत्तर दडवायचं नाही ही मुलांची जुनी रीत.

पुढचा विराज नवघरे. त्याचाही तिसराच प्रयत्न, त्याचेही गाल बसलेले. त्याचीही उत्तरं बिनचूक. साठ. आकडा चार.

मॅडमचा जीव कळवळला. "जेवलास का रे?"

"हो मॅडम, जेवलो," तो पाठ केल्यासारखा म्हणाला.

पडद्यावर चारच राहिले. तो पडद्याकडे पाहत राहिला, मग मॅडमकडे. "ते सगळ्यांना कळलंय, मॅडम. दुसरं काहीतरी विचारा ना."

बोंगाळे मॅडम शोधू लागल्या. दुसरं काही त्यांना सापडेना.