धीरज भाऊजींचं चित्र काढणारं यंत्र

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. मी स्वतः त्या खोलीत होतो. मागच्या वर्षीची, मे महिन्यातली दुपार. गाव वर्धा जिल्ह्यातलं सिंदी रेल्वे.

माझे भाऊजी, माझ्या रक्षाताईचे नवरे धीरज, बेपत्ता झाले होते. त्यांची गाडी गावाबाहेर एका शेताच्या धुऱ्यावर, बांधाला लागून सापडली. चावी गाडीलाच.

माणूस नाही.

पोलिसांनी आसपासच्या विहिरी पाहिल्या. काही नाही.

भाऊजींनी घरात एक यंत्र अर्धवट ठेवलं होतं. भिंतीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत मोटरी, त्यांच्या दोऱ्यांना मधे लटकलेलं पेन, खाली मोटरी चालवणारा आर्डुइनोचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. फोटो दिला की मोटरी दोऱ्या ओढतात आणि पेन कागदावर चित्र काढतं.

रक्षाताईनं व्हिडिओ पाहून ते पूर्ण केलं. जेवण नाही, झोप नाही. बोटं सोल्डरिंगनं भाजलेली.

"ताई, काऊन करून राह्यली हे?"

"मले त्यायचा चेहरा पाह्यचा हाय, हेमराज. भिंतभर."

त्या दुपारी तिनं भाऊजींचा फोटो दिला. पेन हललं...

आणि एक गोल काढला.

फक्त गोल.

ताईनं वायरी तपासल्या. पुन्हा तोच फोटो दिला. पेन त्याच गोलावर आलं. आता आतल्या बाजूनं दगड... एकावर एक रचलेले.

"विहीर हाय हे," ताई पुटपुटली.

मी घाबरून प्लग ओढला.

मोटरींची घरघर थांबली नाही...

गोलाच्या काठावर दोन डोकी उमटली. वाकून पाहणारी. एकीचा अंबाडा सुटलेला. दुसऱ्याच्या डोक्याला उन्हासाठी दुपट्टा बांधलेला.

आदल्याच दिवशी मी आणि ताई विहिरींत वाकून पाहत फिरलो होतो. दुपट्टा माझा होता.

हे चित्र वरून काढलेलं नव्हतं.

खालून होतं.

"त्यायनं पाह्यलं आपल्याले!" ताई किंचाळली. "आपण आवाजही नाई देल्ला, हेमराज! कोणती होती ते विहीर? सांग ना, कोणती?"

मला आठवेना. सगळ्या सारख्याच काळ्या होत्या.

पोलीस पुन्हा आले. गळ टाकले, माणसं उतरवली. कुठेच काही सापडलं नाही.

यंत्र त्यानंतर कधी हललं नाही.

ताई मात्र अजून रोज उन्हात निघते. विहिरीत वाकून हाक मारते, "अहो, वर पाहा ना, मी हाय." मी मागून तिचा पदर घट्ट धरतो. खाली पाहायची माझी हिंमत होत नाही.

मग विहिरीतून आवाज वर येतो...

तो तिच्याच हाकेचा घुमारा असतो.

निदान मी ताईला तसंच सांगतो.