पुढचा खांदा

शिवणकामाच्या त्या कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याला सगळे शिट्टीसाहेब म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ते ठाऊक होतं. अग्निशमन दलातून निवृत्त झालेला माणूस, तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांचा त्याला मनस्वी राग. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, अकराच्या ठोक्याला तो शिट्टी फुंके. तिसऱ्या मजल्यावरच्या बेचाळीस बायका यंत्रं बंद करत, डोळ्यांवर चिंध्यांच्या पट्ट्या बांधत आणि कुरकुरत रांगेत उभ्या राहत. खऱ्या धुरात दिसत नाही, मग सरावात तरी कशाला दिसायला हवं, असा त्याचा खाक्या. या बेचाळिसांत त्याची एकुलती एक लेकही होती. काजं-बटणांच्या यंत्रावर बसायची.

नियम सोपा होता. उजवा हात भिंतीवर, डावा पुढचीच्या खांद्यावर. दाराबाहेर पडलं की भिंतच उजवीकडे वळून रुंद जिन्यापाशी नेई. भिंत सोडली नाही, तर चुकायची सोयच नव्हती.

तरी एका सोमवारी त्या चुकल्या. दारातून बाहेर येताच अख्ख्या रांगेने भिंत सोडली आणि ती डावीकडे वळली, मागच्या अरुंद जिन्याकडे. तिथे ताग्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले आणि खालच्या दाराला कुलूप. सगळ्या एकमेकींवर आदळल्या आणि हसू लागल्या.

"कुणी वळायला सांगितलं?" शिट्टीसाहेब कडाडला.

"पुढची वळली, म्हणून मी वळले," प्रत्येकीचं एकच उत्तर. मेंढरं बरी, असं पुटपुटत तो रांगेच्या तोंडाशी पोचला. तिथे त्याची लेक उभी होती.

"माझ्या पुढची वळली," ती म्हणाली.

"तू पहिली होतीस."

"असेन. पण माझा हात खांद्यावर होता, बाबा."

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. आपलीच पोर चारचौघींत आपली फिरकी घेते आहे, असं त्याला वाटलं आणि ते लागलंही. तिसऱ्या खेपेला त्याने तिला रांगेत सर्वांत शेवटी उभं केलं आणि पुढे मुकादम मावशींना घेतलं. मावशी म्हणजे तीस वर्षांची नोकरी आणि सुईसारखी जीभ, थट्टेला जागाच नाही. या वेळी तो स्वतः बोळात, दारासमोर थांबला.

मावशी बाहेर आल्या. डावा हात पुढे, कोपरात किंचित वाकलेला, तळवा खाली वळवलेला. त्या तळव्याखाली काहीही नव्हतं. दारापाशी त्यांचा उजवा हात भिंतीवरून सुटला आणि त्या डावीकडे निघाल्या. चालही त्यांची नव्हती. एरवी त्या ताडताड चालत, आत्ता मात्र पुढच्या कुणाच्या तरी पावलाला पाऊल जुळवत होत्या.

पट्टी सोडल्यावर त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "नवीन आहे का हो कुणी? जरा बुटकी. खांद्यावर दोऱ्याचे तुकडे होते."

नवीन कुणी नव्हतं.

शिट्टीसाहेब भुताखेतांना मानणारा नव्हता. पण माणसं जिकडे जाणार तिकडे वाट हवी, एवढं त्याला कळत होतं. त्याने व्यवस्थापकांशी वाद घातला, बायकांना हाताशी घेऊन चार दिवसांत गठ्ठे हलवले, कुलूप काढून फेकलं, कठडा बसवला. अहवालात कारण लिहायची जागा होती. तिथे त्याने "सोयीसाठी" असं लिहिलं आणि कुणी विचारू नये म्हणून लगेच सही ठोकली.

दोन आठवड्यांनी, गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीआधी पहिल्या मजल्यावरच्या इस्त्री विभागात आग लागली. धूर रुंद जिन्याने वर चढला आणि पाहता पाहता जिना काळा झाला. शिट्टीसाहेब तेव्हा फाटकाशी होता. शिट्टी फुंकता फुंकता त्याला आठवलं, की लेक रांगेत शेवटी आहे. त्यानेच उभी केली होती.

तो धावत मागच्या दाराशी गेला.

मावशी बाहेर आल्या, डोळे मिटलेले, हात पुढे. त्यांच्यामागे दुसरी, तिसरी, चौथी. तो मोठ्याने मोजत होता. एकेचाळीस झाल्या.

मग नुसता धूर आला.

"तिचा हात सुटला," एकेचाळिसावी रडत म्हणाली. "मधल्या मजल्यावर. मला वाटलं येतेय मागून."

ओला रुमाल तोंडाला बांधून तो आत शिरला. चार पायऱ्या चढला, पाचवी चढला.

वरून पावलं आली. सावकाश, न अडखळता.

लेक उतरत होती. डोळे मिटलेले, उजवा हात भिंतीवर, डावा पुढे धरलेला. शिट्टीसाहेब कठड्याला चिकटला आणि त्याने वाट दिली. त्या अरुंद पायरीवर दोघींपुरती जागा आपण का केली, ते त्याला सांगता आलं नसतं.

बाहेर बंब आले होते. बायका एकमेकींना मिठ्या मारत होत्या, शिंकत होत्या, विनाकारण हसत होत्या. खोकल्यापलीकडे कुणालाही काही झालं नव्हतं. बेचाळिसांच्या बेचाळीस.

लेक फाटकाजवळच्या कट्ट्यावर टेकली. "उबळ आली म्हणून खाली बसले," ती म्हणाली. "वाटलं, आता काही उठत नाही. मग उठवलंत तुम्ही."

तो उघड उघड रडत होता आणि त्याची त्याला लाज वाटत नव्हती. तिच्यासमोर बसून त्याने पाण्याचा पेला तिच्या ओठांना लावला. पेला त्याने दोन्ही हातांनी धरला होता.

ती दोन घोट प्यायली. डोळे अजून मिटलेलेच होते.

"बाबा, आता खांद्यावरचा हात काढा ना," ती म्हणाली. "आले मी बाहेर."

त्याने पेल्याभोवतीच्या आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग तिच्या खांद्याकडे पाहिलं. तिथे कुडत्याचं कापड किंचित दबलेलं होतं.

"असू दे," तो हळूच म्हणाला. "राहू दे थोडा वेळ."