"उस्ताद, येऊ का?"

दिवा राहू दे, पण तो पंखा बंद करा, फार खडखडतोय. आणि मध्येच कोणी मोबाइल काढला तर मी उठून जाईन. गोष्ट माझ्या साडूची आहे. दोन वर्षं झाली, नऊ फेब्रुवारी, गुरुवार. साडू थापा मारत नाही. तेवढं डोकंच नाही त्याला.

तो पूर्वी पायदळात होता, आता घरोघरी वायरिंगची कामं करतो. त्या रात्री साडेनऊला त्याच्या जुन्या उस्तादांच्या बायकोचा फोन आला. उस्ताद म्हणजे त्याच्या दहा जणांच्या तुकडीचे प्रमुख. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, दारावरची बेल आपोआप वाजतेय. तीन रात्री झाल्या, ह्यांच्या डोळ्याला डोळा नाही." साडू भरल्या ताटावरून उठला. तेवीस वर्षांपूर्वी उस्तादांनीच त्याला जिवंत परत आणलं होतं ना!

ते कसं, ते आधी ऐका. गोळ्या चालू असताना माघार घ्यायची म्हणजे पाठ फिरवून पळत सुटायचं नसतं. अर्ध्यांनी गोळीबार चालू ठेवायचा, अर्ध्यांनी मागे धावायचं. बारा-पंधरा पावलं झाली की आडवं व्हायचं, तोंड शत्रूकडे. मग या मागच्यांनी गोळ्या चालवायच्या आणि पुढच्यांना हाक मारायची, "ये!" हाक आल्याशिवाय पुढच्याने जागा सोडायची नाही. सगळा कारभार भरवशावर. मागचा हाक मारणार, एवढ्यावर पुढचा मरणाच्या तोंडात पडून राहतो.

त्या दिवशी शेवटी पुढे एकटा मशिनगनवाला उरला. साडूचा जिवलग. सगळे त्याला लंबू म्हणायचे. उस्ताद साडूला म्हणाले, "तू बाकीच्यांना घेऊन ओढ्यात उतर. लंबूला मी हाक मारतो." हे सगळे ओढ्यात उतरले. मशिनगन वाजत राहिली... वाजत राहिली... मग थांबली. उस्ताद एकटेच आले. म्हणाले, "हाक मारली रे. तो म्हणाला, मी येत नाही, तुम्ही जा."

कागदावर तेच लिहिलं गेलं. स्वतःच्या कानांनी ऐकलेलं नसताना साडूने साक्षीदार म्हणून सही केली, आणि लंबूच्या आईला तो कागद वाचूनही त्यानेच दाखवला. ती दरवर्षी त्याला एकच विचारायची, "त्याला माझ्याकडे यायचंच नव्हतं का रे?"

तर, दहा वाजून दहा मिनिटांनी तो उस्तादांच्या घरी पोचला. उस्ताद कॉटवर बसलेले, दोन्ही हात कानांवर. तेवढ्यात बेल वाजली. साडूने दार उघडलं. कोणी नाही. स्टुलावर चढून त्याने बेलच्या दोन्ही वायरी कापल्या, टोकांना टेप लावली.

"झालं. आता झोपा निवांत."

बेल वाजली नाही.

फाटकाबाहेर, अंधारात, कोणाला तरी धाप लागली होती.

"उस्ताद... येऊ का?"

साडूच्या हातातली पक्कड खाली पडली. तो आवाज त्याने कुठेही ओळखला असता.

उस्तादांचे डोळे मिटलेले होते. ओठ मात्र हलले, सवयीने हलावेत तसे.

"थांब. अजून थांब."

शांत... मग पुन्हा.

"उस्ताद... गोळ्या संपत आल्या. येऊ का?"

"थांब म्हटलं ना."

वहिनी भिंतीला टेकल्या. साडूने हळूच विचारलं, "तेव्हा किती वेळा विचारलं होतं त्याने?"

उस्तादांनी कानांवरचे हात आणखी घट्ट दाबले.

"उस्ताद. किती वेळा?"

"चार." मग हात खाली घेत, "तो उठला असता तर मशिनगन थांबली असती. मग मी... आपण कोणीच ओढ्यापर्यंत..."

आधी 'मी' आला होता तोंडात. साडूने तो ऐकला.

साडू सांगतो, त्या क्षणी त्याला भुताची भीती वाटलीच नाही. आतून जळत होतं ते दुसरंच. तेवीस वर्षं या माणसाच्या पाया पडलो. याच्या शब्दावर सही केली. एका आईला तिच्या तोंडावर सांगितलं, की तुझा मुलगा तुला सोडून राहिला. केसाने गळा कापला होता उस्तादांनी, लंबूचा, त्याच्या आईचा आणि साडूचाही.

तो बाहेर आला. फाटकाशी गेला. काही दिसेना. फक्त ती धाप.

त्याने छाती भरून हाक मारली.

"लंबू, ये!"

काहीच नाही.

मग पावलं. धावणारी. थांबली... पुन्हा धावली. थांबली... लांब गेली. उस्तादांच्या घरापासून लांब.

आतून उस्तादांनी विचारलं, "गेला?" साडू गाडीवर बसला. पक्कड आणायलाही तो आत गेला नाही.

लंबूची आई तिथून सत्तर किलोमीटरवर राहते, एकटी. म्हातारीला रात्री उठवायला नको म्हणून वाटेत थांबून, सकाळी सहाला साडू तिच्याकडे पोचला, खरं काय ते सांगून पायावर डोकं ठेवायला. ती दारातच बसली होती. त्याने तोंड उघडायच्या आत म्हणाली, "बस जरा. मला आता काही विचारायचं नाही." आणि बोटाने परसाकडे दाखवलं.

परसात भाजीचे वाफे होते, संध्याकाळी पाणी दिलेले. त्या चिखलात बुटांचे ठसे होते. बारा-पंधरा पावलं, मग कोपरं आणि गुडघे टेकून कोणी आडवं झाल्याची खूण, तोंड घराच्या उलट दिशेला. पुन्हा बारा-पंधरा पावलं. पुन्हा तशीच खूण. मग पावलं सरळ मागच्या दारापर्यंत.

परत जाणारं पाऊल एकही नव्हतं.