काळी एकपासून

बेळगावच्या खडेबाजारात, एका बोळात, ज्योतिबाचे पेट्या दुरुस्त करण्याचे दुकान आहे. उचगावच्या भजनी मंडळाची फाटक्या भात्याची पेटी मांडीवर घेऊन नीलम तिथे बसली होती, आणि टिळकवाडीत संगीताचा क्लास चालवणारा अनय कीबोर्डची वायर मागायला आत आला. प्रेमाला एवढे निमित्त पुष्कळ होते. अकलेची अट प्रेमाने कधी घातलेली नाही.

"पेटीवर तुम्ही एका वेळी एकच सूर वाजवता ना?" त्याने विचारले.

"दोन वाजवले तर पुण्य दुप्पट मिळतं का?"

तो हसला. "तीन वाजवा. कॉर्ड म्हणतात त्याला. सा घ्या, रे सोडा. ग घ्या, म सोडा. प घ्या. एक सोडून एक."

त्याची बोटे तिच्या बोटांशेजारी टेकली. पेटी दमेकऱ्यासारखी धापली, पण तीन सुरांनी दुकान भरून गेले.

"आणि सोडलेल्यांचं काय?"

"त्यांची पाळी नंतर येते."

हे उत्तर तिने तेव्हाच नीट ऐकले असते, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

प्राथमिक शाळेतली नोकरी सांभाळून ती दर शनिवारी क्लासला जाऊ लागली. तो नियम सांगे; ती त्यांची कारणे शोधी. सातही स्वर शुद्ध असलेल्या मेजर स्केलमध्ये, काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजल्या तर, सा पासून ग चार पट्ट्या दूर, ग पासून प तीन. तीच रीत रे पासून धरली की आधी तीन येतात, मग चार... आणि कॉर्ड एकाएकी उदास होतो.

"स्वर तेच, सोडायची रीत तीच. मग हा रडका कशानं?"

"मधल्या सुरानं. तो एक पट्टी खाली सरकला की हसणारा रडू लागतो." त्याने तिच्या बोटावर अलगद बोट ठेवले. "माझा मधला सूर... तू आहेस."

"लई झालं हं, सर," ती म्हणाली. कान मात्र तापले होते.

घरी निपाणीच्या एका स्थळाचा तगादा होता. अनय म्हणाला, "तुमच्या मंडळाच्या देवळातल्या कार्यक्रमाला मी कीबोर्डची साथ करतो, आईलाही घेऊन येतो. तिथंच तुझी ओळख करून देतो. निपाणीला नाही म्हणून कळव." कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तिने तसे कळवले. तिला लहानाची मोठी करणारी, मंडळाची मुख्य गाणारी आत्ती बाळाबाई एवढेच म्हणाली, "पोरगा बोललाय न्हवं? मग झालं."

दुपारी देऊळ भरले. अनयची आई पुढे बसली होती. आत्तीची पट्टी चाळीस वर्षे काळी एक. अनयने कीबोर्डचे पट्टी बदलणारे बटण दाबले, छोट्या पडद्यावर शून्याचा एक झाला आणि पांढरी एकची सवयीची बोटे काळी एकमध्ये वाजू लागली. नीलम याला नुसती सोय समजत होती. तेवढीच त्याची विद्या होती, हे अभंगाच्या मध्येच लाइट गेल्यावर कळले.

कोणीतरी पेटी त्याच्यापुढे सरकवली. पेटीला बटण नसते. पांढरी एक, तीन, पाच हे ज्याला पाठ होते त्याने मोठ्या आत्मविश्वासाने काळी एक, तीन, पाच दाबली. त्याने पट्ट्या मोजल्या, स्वर मोजलेच नाहीत. आत्ती गंधारावर स्थिरावली होती. काळी तीन त्याला खेटून, काच खरवडल्यासारखी, वाजली. आत्तीने एक डोळा उघडला.

नीलमने त्याचा हात बाजूला सारला. सा पासून चार, तिथून तीन. काळी एक, पांढरी चार, काळी चार. हा कॉर्ड तिने कधी वाजवला नव्हता. तो तिने फक्त समजून घेतला होता. आत्तीचा डोळा मिटला. माना डोलल्या.

अभंग संपल्यावर त्याच्या आईने विचारले, "अनय, ही मुलगी कोण रे?"

नीलमने ओढणी सारखी केली.

"क्लासमधली एक," तो म्हणाला. "पेटी बरी वाजवते."

खांबाआड त्याने तिला गाठले. "सगळ्यांसमोर माझा हात ढकललास, नीलम. आईसमोर! चूक एका पट्टीची तर होती."

"व्हय. हसणं आणि रडणं यांच्यातपण एकाच पट्टीचं अंतर असतं. तुमीच शिकवलंत."

"आईला मी... वेळ बघून सांगतो."

"म्हणजे सोडलेल्यांची पाळी नंतर येते. व्हय न्हवं, सर?"

विद्वान माणसे अशा वेळी घड्याळ पाहतात. त्याने ते पाहिले.

नीलम पेटीपाशी येऊन बसली. तिने सा धरला, प धरला आणि मधली पट्टी मोकळी सोडली. तो नाद हसेना, की रडेना.

"मधला सूर का सोडलास गं?" आत्तीने हळूच विचारले.

"रिकामंच बरं वाटतंय, आत्ती."

"निपाणीला परत निरोप धाडू?"

"नको."

आत्तीने तिच्याकडे क्षणभर पाहिले, टाळ उचलले आणि काळी एकचा षड्ज लावला. तेवढ्यात लाइट आली. कोपऱ्यातला कीबोर्ड आपोआप उजळला. लाइट गेल्यावर बटणाने लावलेले सारे पुसले जाते, तसे ते पुसले गेले होते. छोट्या पडद्यावर पुन्हा शून्य उमटले होते. अनय ते पाहत उभा राहिला. दुसऱ्या कोणीही पाहिले नाही.