पाहुण्यानं खाली ठेवलेला पेला

पाऊस पडून गेला की सौदी अरेबियातल्या बुरैदा शहरातली माणसं घरात ठरत नाहीत. वाळू दबते, धूळ बसते, आणि जो तो चटया, सरपण, कहव्याची किटली गाडीत टाकून पोराबाळांसकट वाळवंटात पळतो. त्या शुक्रवारी नमाज उरकून मुतलकही निघाला. खजुराच्या बागेत राबणारा गडी. शाळेत गेला न गेल्यासारखा, आणि डोकं असं, की पेटायला काडी नको.

डांबरी सडक संपली तिथं उतरून त्यानं चाकांची हवा कमी केली, वाळूत रुतू नयेत म्हणून. त्यातही एक झडप अडकली, तर त्या झडपेच्या आईबापाचा उद्धार झाला.

"अहो, तुमच्या डोक्यावरच किटली ठेवू," त्याची बायको मुनीरा गाडीतून म्हणाली. "सरपण तरी वाचेल."

मागं बसलेली म्हातारी हैला, मुतलकची आई, बिनदाताची खदखदून हसली. सात वर्षांची वस्मियाही हसली. ती मागून बापाच्या गळ्यात हात टाकूनच बसायची. कितीही शिव्या देत असला तरी त्या हातांना त्यानं कधी झटकलं नाही.

जिथं बाकीच्या गाड्या होत्या, पोरं वाळूच्या उतारावरून घसरत होती, तिथं हा थांबेना. लोकांची पोरं, लोकांची गाणी, डोकं उठतं म्हणाला.

"अजून किती लांब?" हैला म्हणाली. "मला पुरायला नेतोस काय रे?"

"युम्मा, गप बस. जागा सापडतीय."

जागा सापडली. चहूकडं लाल ओली वाळू, माणसाचं नाव नाही. मुतलकनं वाऱ्याच्या बाजूला कापडाचा आडोसा लावला, चूल पेटवली, मटणाचं पातेलं चढवलं. ऊन कलत होतं. लाकडाचा धूर, कहव्यात घातलेली वेलची, ओल्या वाळूचा वास... जीव कसा निवांत झाला होता.

"अस्सलामु अलैकुम."

मुतलक दचकला. चुलीपलीकडं एक माणूस उभा होता. त्याच्याच वयाचा, त्याच्याच बांध्याचा, अंगावर तपकिरी झगा. गाडीचा आवाज झाला नव्हता. मुनीरा पोरीला उचलून पटकन आडोशामागं गेली. म्हातारीनं तोंडावर बुरखा ओढला, पण उठली नाही.

"ये भाऊ, बस," मुतलक म्हणाला.

माणूस बसला. इतका वेळ धूर ज्याच्या त्याच्या डोळ्यांत जात होता. आता तो सरळ वर जायला लागला, दोरी टांगल्यासारखा. आणि वेलचीचा वास मेला. त्याच्या जागी दुसराच वास आला. वर्षानुवर्षं बंद असलेली विहीर उघडल्यावर येतो तसा.

मुतलकनं डाव्या हातात किटली घेतली, उजव्या हातानं पेला भरून पुढं केला. त्या माणसानं पेला घेतला... आणि न पिता चटईवर ठेवला.

याचा अर्थ तिथं शेंबडं पोरही जाणतं. पाहुणा काहीतरी मागायला आलाय. यजमान हो म्हणेपर्यंत तो ओठ लावणार नाही. आणि पाहुणा तसाच उठून गेला, तर त्या घराचं नाक कापलं.

आडोशामागून मुनीरा कुजबुजली, "अहो... आधी विचारा. काय हवंय ते विचारा."

"मुतलक," हैला हळूच म्हणाली. "घाई करू नको, बाळ."

झालं. दोघींनी मिळून त्याचं डोकं फिरवलं.

"माझ्या चुलीवर आलेल्या माणसाची मी उलटतपासणी घेऊ? माझा बाप कधी विचारत बसला नाही!" तो ओरडला, आणि पाहुण्याकडं वळला. "पी, भाऊ. ज्यासाठी आलास ते दिलं."

पाहुण्यानं पेला उचलला. सावकाश प्याला.

"काय हवं होतं तुला, बाबा?" म्हातारीनं विचारलं.

"मिळालं, युम्मा," तो म्हणाला.

काय मिळालं? काय देऊन बसलो आपण? मुतलक धडपडत आडोशामागं गेला. वस्मिया तिथंच होती, वाळूत बोटानं उंट काढत. त्यानं तिचं तोंड चाचपलं, हात चाचपले. मुनीराकडं बघितलं. खिशात हात घातला, किल्ली होती. सगळं जागच्या जागी होतं.

परत आला, तर तो माणूस मुतलकच्या जागेवर बसला होता. चुलीतली लाकडं आत सरकवत होता. मग त्यानं किटली उचलली, पेला भरला आणि मुतलकपुढं धरला.

माझ्याच चुलीवर मलाच वाढतोस? मुतलकच्या मनात आलं, पण हात आपोआप पुढं गेला. तो प्याला. कहव्याला चव नव्हती. जीभ भाजली नाही. त्याला शिवी हासडायची होती... ती सापडेना. छातीत जिथं नेहमी काहीतरी उकळत असायचं, तिथं गार पडलं होतं.

"आवरा," तो हळू म्हणाला. "निघू या."

एवढ्या हळू बोलताना त्याला कुणीच ऐकलं नव्हतं. सगळी मुकाट्यानं गाडीत बसली. चुलीवरचं मटण तसंच सोडून, पाहुण्याला एकटं टाकून, मुतलक पळाला. असली लाज त्याच्या घराण्यात कुणी ओढवून घेतली नव्हती. पण पोर गाडीत होती. बाकी गेलं खड्ड्यात.

"सावकाश जा," मागून तो माणूस म्हणाला. "पोर झोपेल."

दिवस बुडत होता. आरशात चूल लहान होत गेली. वाटेत कुणी चकार शब्द काढला नाही. भ्यालीत बिचारी, मुतलकला वाटलं. मानेला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. बऱ्याच वेळानं ध्यानात आलं, आज पोरीचे हात गळ्यात नव्हते.

शहराच्या तोंडाशी चाकांत हवा भरायला तो थांबला. दिव्याच्या उजेडात वाकून नळी लावत होता, तेव्हा खिडकीतून बोलणं ऐकू आलं.

"आजी, बाबा कधी येणार?"

"येतील गं. चूल विझवून येतील."

मुतलक कसंनुसं हसला. खिडकीशी गेला. "काय गं सटवे? मी कोण मग?"

वस्मिया आजीच्या पाठीमागं लपली. आणि मुनीरानं... गाडीत घरचीच माणसं असताना कधी तोंड न झाकणाऱ्या मुनीरानं, बुरख्याचं टोक डोळ्यांपर्यंत घट्ट धरलं होतं. परक्या पुरुषापुढं धरतात तसं.

"युम्मा," तो म्हणाला. "हे काय चाललंय?"

हैलानं मान खाली घातली. "अल्ला तुमचं भलं करो. बायामाणसांना अंधारात कोण पोचवतं हल्ली? तेवढं घरापर्यंत सोडा."

त्याला ओरडायचं होतं. ओरडायला काही उरलंच नव्हतं. तो गाडीत बसला, कारण दुसरं काय करावं कळेना. गल्ली त्यालाच ठाऊक होती. फाटकही त्यालाच ठाऊक होतं. तिथं उतरल्यावर मुनीराचा फोन वाजला.

"हो, पोचलो," ती म्हणाली. "कुठं आहात? ...अहो, ओरडताय कशाला? भला माणूस आहे. फार बोलला नाही बिचारा." मग ती हसली. कितीतरी वर्षांत त्याच्यासमोर हसली नव्हती तशी. "थांबा, देते."

तिनं हात लांब करून फोन पुढं केला. बोटाला बोट लागू दिलं नाही.

"त्यांना तुमच्याशी बोलायचंय."

त्यानं फोन कानाला लावला. आधी नुसती लाकडं तडतडली. मग आवाज आला. तापट, खरखरीत, जन्मभर त्याच्याच गळ्यातून निघालेला.

"उपकार झाले, भाऊ. नाव काय तुमचं?"

त्यानं तोंड उघडलं. म्हातारी, बाई आणि ती पोर फाटकाशी उभ्या राहून त्याच्याकडं बघत होत्या. तो आठवत राहिला.