शेजारच्या खणातला ठोकळा

"नाना, या गोष्टीतला माणूसही तुमच्या ओळखीचाच का?" भाचीनं विचारलं.

"दहा वर्षं या घराला रंग त्यानंच दिलाय," नाना म्हणाले. "ऐकायचं तर ऐक."

मंगळवार होता, रात्रीचे पावणेआठ. रंगारी जुन्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत चौथ्यांदा निघाला होता. बायकोचा पोटाचा कॅन्सर यकृतात पसरलेला. नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, इम्युनोथेरपीनं, म्हणजे प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधानं, फरक पडू शकतो. पण ती लागू पडेल का, हे गाठीच्या तुकड्यावर आधी तपासावं लागेल. तो तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून जुन्या ठिकाणी ठेवलेला. पुन्हा दुर्बीण घालून नवा काढण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती.

पहिल्या खेपेला सही नव्हती. दुसऱ्या खेपेला शिक्का. तिसऱ्या खेपेला साहेबच नव्हते. रंगाऱ्याचं डोकं भणभणायचं. पण ठोकळा हाती येईपर्यंत कुणावर आवाज चढवायचा नाही, असं बायकोनं वदवून घेतलं होतं.

"मी गोड सोडलंय, तुम्ही राग सोडा."

"तुला घास जात नाही, तुझा नवस सोपा," तो कुरकुरला होता. तरी पाळत होता.

कारकुनानं किल्ली पुढे सरकवली. "तुम्हीच शोधा. साडेआठला बंद करतो."

आत भिंतभर खण. रंगाऱ्यानं नंबर जुळवत खण ओढला. नेमकी तिच्याच नंबराची जागा रिकामी.

"माझा ठोकळा सापडला का?"

मागे बाकावर एक बाई. मांडीवर अर्ज. आत येताना दिसली नव्हती. त्याच्या ओठांवर शिवी आली... त्यानं गिळली.

"नाही हो ताई. आमचा मिळाला की तुमचाही बघतो."

तिनं मांडीवरच्या अर्जाची घडी घातली.

"खालचा खण बघा. चुकून शेजारी टाकतात... इतकं नीट कुणी बोललंच नव्हतं."

खालचा खण. ठोकळा होता. नंबर बरोबर.

तो वळला.

बाकच नव्हतं. नुसती भिंत.

"आत कुणी बाई..." त्यानं बाहेर येऊन विचारलं. कारकुनानं कुलूप लावलं. आतला दिवा मात्र तसाच ठेवला.

तपासणीचा निकाल चांगला आला. सलाइनमधून औषध सुरू झालं. तिसऱ्या महिन्यात यकृतातल्या गाठी लहान दिसल्या.

"म्हणजे त्याची बायको बरी झाली?" भाचीनं विचारलं.

"औषध चालू आहे अजून. नवऱ्याशी भांडण्याइतका जोर आलाय."

नाना पुढे झुकले.

"फक्त... तपासणीवाल्यानं ठोकळ्याचं पाकीट फोडलं, तेव्हा रंगाऱ्याला विचारलं, ठोकळा हातात कुणी धरला होता? मेणावर दोन बोटं उमटली होती. यानं आपली लावून पाहिली. बसेनात. ठसे फार बारीक होते, बाईच्या बोटांएवढे.

आणि अजून कोमट..."