तिसऱ्या नाण्यावरचा घाव

या, असे जवळ सरका. लांबून ऐकायची गोष्ट नव्हे ही. देवाला स्मरून सांगतो, पदरचं काही घालणार नाही. सांगणाऱ्याचं पुण्य तेवढंच.

एका गल्लीत जुन्या नाण्यांचं दुकान होतं. तिथल्या पारख्याला सगळे भिंगबुवा म्हणत. डोळ्याला भिंग लावूनच हा जन्मला, असं त्याच्या ताईचं मत होतं. आई लवकर गेली, तेव्हा या थोरल्या बहिणीनंच त्याला वाढवलं. ती तराजूपाशी बसे आणि तिचं तोंड दिवसभर चाले. गिऱ्हाईक आलं की त्याच्याशी बोले, गेलं की त्याच्याबद्दल बोले, कुणीच नसलं की गाई. "काय रे भिंग्या, राजाच्या नाकातले केस मोजून झाले का?" असं विचारल्याशिवाय तिला दुपारचं जेवण जात नसे. तो भिंगावरून मान वर काढत नसे. पण ती दोन दिवस परगावी गेली, तर त्याच्या हातून धड काम होत नसे.

एका सकाळी एका दंतवैद्याची विधवा तीन नाणी घेऊन आली. युरोपातल्या कुठल्याशा राजाची, चांदीची, पार झिजलेली. तिन्हींवर राजाच्या चित्राला इजा केलेली. त्या काळच्या लोकांनी रागानं केली, की चलनातून गेल्यावर कुणी घरात बसून, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. तिच्या नवऱ्याकडे बारीक हत्यारं होती, आणि त्याचा स्वभाव... एवढं म्हणून तिनं नाणी पुढे सरकवली.

पारख तशी सोपी. घाव घातला की कडेला धातू उठतो. नाणं पुढे हजार हातांतून फिरलं तर ती कड झिजून गोल होते, घावात मळ बसतो. मागाहून घातलेला घाव बोटाला लागतो. भिंगबुवा निकाल चिठ्ठीवर लिहून नाण्याखाली ठेवी. तीस वर्षांत त्यानं खोटी चिठ्ठी लिहिली नव्हती.

पहिल्या नाण्यावर कान उडवलेला. कड धारदार, आतली चांदी लखलखीत. त्यानं लिहिलं: घाव ताजा.

शाई वाळायच्या आत समोरच्या काचवाल्याच्या हातून तावदान निसटलं. तो धावत दुकानात आला तेव्हा डोक्याला हात दाबून होता, आणि रक्त कोपरावरून ठिबकत होतं. कान बाहेर फरशीवर पडला होता, सुबक कापलेला. ताईनंच तो रुमालात उचलून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुसरं नाणं. डावा डोळा खरवडून काढलेला. घाव ताजा, असं तो लिहीत होता, आणि शेजारचा शिंपी दारात उभा राहून काचवाल्याची खबर विचारत होता. शिंप्याची कात्री पडली. उचलायला वाकला, पाय सरकला. ओरडला नाही तो. चेहऱ्यात रुतलेल्या कात्रीसकट सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "दिवे गेले का हो?"

त्या संध्याकाळी भिंगबुवानं ठरवलं, तिसरं नाणं पाहायचंच नाही. जसं आलं तसं परत.

सकाळी त्यानं मान वळवून ते कागदात गुंडाळायला घेतलं. ताई तराजू पुसता पुसता सांगत होती, की शिंप्याला भेटून आले, ताप उतरलाय, आणि तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस, नाण्यात काय असतं, असतं ते माणसाच्या...

तीस वर्षांची सवय. अंगठा आपसूक फिरला.

मानेवर आडवा. धारदार.

अंगठ्यानं ओळखलं, आणि ताईचं वाक्य तुटलं.

तिच्या गळ्यावर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत बारीक लाल रेघ उमटली होती. तिनं बोट लावून पाहिलं, नवल वाटल्यासारखं. मग रेघ उघडली. रक्ताची चिळकांडी पारड्यात उडाली. पारडं खाली गेलं.

त्यानं चिठ्ठी ओढली. लिहिलं: घाव जुना. नंतर पुष्कळ वापर.

रक्त थांबलं.

थांबलं कसलं, नव्हतंच. पारडं कोरडं होतं. ताई तराजू पुसत होती. तिच्या गळ्याभोवती रुमाल होता, मघाशी नसलेला.

"ताई, बोल ना काहीतरी."

तिनं रुमाल सारला. खाली वण होता. पांढरा, गुळगुळीत, कडा झिजलेल्या.

मग तिनं कनवटीची छोटी पाटी काढली आणि सराईत हातानं लिहिलं: "पुन्हा तेच? पाच वर्षांचा होतास तू. मी केव्हाच माफ केलं."

आणि त्याच्या टेबलावरची कागद कापायची सुरी उचलून तिनं खणात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. रोजच्यासारखी.

गल्लीत कुणालाही विचारा, ती बोलायची असं कुणी सांगणार नाही. भिंगबुवाला तिचा आवाज रोज थोडा कमी आठवतो. सुरीची मूठ रोज थोडी जास्त. म्हणून ही माउली तुमच्या पदरात घालतो. देवापुढे हात जोडाल तेव्हा आठवण ठेवा: ती बोलत होती, गातही होती.